एकेचाळीस शब्द

पडद्यावर माझं घर लाल झालं आणि सगळे हसले.

ठाण्यात कोलशेतच्या आमच्या ऑफिसात दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावतात. तिथे खुर्च्या नसतात. खुर्च्या आल्या की माणसांत वरखाली येतं, असं संस्थापकाचं मत आहे. म्हणून सगळे जमिनीवर रंगीत उशांवर बसतात आणि तो उभा राहतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की इथे प्रत्येक आवाजाला किंमत आहे. ती भिंत आवाज शोषून घेणाऱ्या फोमची आहे.

संस्थापकाचं नाव निशांत. त्याला सर म्हणायचं नाही असा नियम. पहिलं वर्षभर मी त्याला काहीच म्हटलं नाही. सर म्हणायला बंदी होती आणि निशांत म्हणायला जीभ उचलत नव्हती. बोलायचं असलं की मी त्याच्या समोर जाऊन उभा राहायचो आणि त्याने बघेपर्यंत थांबायचो. बाकीच्यांना वाटायचं मी लाजाळू आहे.

आमची कंपनी नोकरीचे अर्ज वाचणारं सॉफ्टवेअर बनवते. एखाद्या कंपनीकडे जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर येतात. ते आमचं सॉफ्टवेअर वाचतं आणि प्रत्येक उमेदवाराला रंग देतं. हिरवा म्हणजे मुलाखतीला बोलवा. पिवळा म्हणजे बघू. लाल म्हणजे माणसाच्या नजरेसमोर अर्ज जातच नाही.

त्या शुक्रवारी निशांत नवीन आवृत्ती दाखवत होता. एक मोठं गिऱ्हाईक येऊ घातलं होतं. पडद्यावर दोन काल्पनिक उमेदवार होते. एकच कॉलेज, सारखे मार्क, सारखा अनुभव. फक्त पत्ता वेगळा. पहिली मुलगी घोडबंदर रोडच्या टॉवरमधली. ती हिरवी झाली. दुसऱ्याचा पत्ता होता, रूम नंबर सात, पाटील चाळ, सिद्धार्थनगर, विठ्ठलवाडी. तो लाल झाला.

"हा पत्ता आपल्याकडे फेमस आहे," निशांत म्हणाला. "चार वर्षं बघतोय मी हा. कोणी बनवलाय? एकदम रिअल वाटतो."

माझ्या मागे मंदार बसला होता. माझा टीम लीड. "बनवलेला नाहीये," तो म्हणाला. "खरा आहे. ह्याच्या घरचा."

त्याने उशीवरून हात लांबवून माझ्या खांद्यावर ठेवला. तेव्हा सगळे हसले.

वाईट हसू नव्हतं ते. वाईट असतं तर बरं झालं असतं. आपल्यातल्याच कोणाचीतरी गंमत उघड झाली की माणसं हसतात, तसं.

"काय सांगतोस," निशांत म्हणाला. "तू इकडे राहतोस? अजून? अरे, मग ही तर स्टोरी आहे. मित्रांनो, हा तिथून इथे आलाय. क्लॅप फॉर हिम."

टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर तो पुढे म्हणाला, "पण मॉडेल अपवादावर चालत नाही. राइट?"

हा प्रश्न त्याने मला विचारला होता. मी म्हणालो, "राइट."

आणि त्याआधी, टाळ्या चालू असताना, मीही दोन टाळ्या वाजवल्या होत्या. हे मला लिहायचं नव्हतं. पण हे वगळून बाकीचं लिहिलं तर ते खोटं होईल.

मी वाचणारा माणूस आहे. वेगळी ठेवलेली कपबशी, वरून ओतलेलं पाणी, गावाबाहेरचं घर, हे सगळं मी पुस्तकांतून पुष्कळ वाचलं. त्यातलं थोडं वडिलांकडून ऐकलं. मला वाटायचं, अपमान समोर आला तर मी तो ओळखेन. तो शिवी देत येईल, दार लावून घेईल, आणि मी काय बोलायचं ते मनात तयार होतं. मऊ उशीवर बसवून, कौतुक करत येईल अशी तयारी कोणी करून दिली नव्हती.

आता हे सांगायला हवं की तो पत्ता तिथे गेला कसा. तो मी घातला.

चार वर्षांपूर्वी मी नवीन होतो. तेवीस वर्षांचा. उल्हासनगरच्या कॉलेजातून पास झालेला, दोन जागी उमेदवारी करून इथे लागलेला. टीममध्ये सगळे मोठ्या कॉलेजांतले. जेवताना ते ज्या गोष्टींवर बोलायचे त्या मला अर्ध्या कळायच्या. कळलेल्या अर्ध्यावरही मी गप्प बसायचो, न जाणो चुकीचं अर्धं कळलं असेल तर.

एका दुपारी मंदार माझ्या टेबलाशी आला. मंदार डोंबिवली पूर्वेचा. त्याची आई शाळेत शिक्षिका होती. बोलायला गोड, मदतीला तयार. मला पहिल्या महिन्यात काम त्यानेच शिकवलं, हे मी विसरणार नाही.

"अरे, तू तिकडचा ना?" तो म्हणाला.

"कुठचा?"

"विठ्ठलवाडी, कॅम्प, तो सगळा पट्टा. तुला तिकडच्या वस्त्या माहिती असतील. आम्हाला पत्ते साफ करायचेत. लोक काहीही लिहितात. कुठलं घर बिल्डिंगमधलं, कुठलं चाळीतलं, कुठलं झोपडपट्टीतलं, मशीनला समजत नाही. तू एक लिस्ट करशील? कुठला शब्द आला की काय समजायचं, अशी?"

त्या ऑफिसात मला काहीतरी येतं म्हणून विचारलेली ती पहिली गोष्ट. इतके दिवस मला काय येत नाही तेवढंच निघत होतं. मी हो म्हणालो. हो म्हणताना मला आनंद झाला.

घरी जाऊन मी आईला विचारलं. आई अंगणवाडीत मदतनीस होती. पोलिओच्या डोसाला, जनगणनेला, मतदारयादीला, प्रत्येक वेळी तिला घरोघर पाठवलेलं. विठ्ठलवाडीपासून खाडीपर्यंतची प्रत्येक वस्ती तिला पायांनी पाठ आहे. ती तांदूळ निवडत होती. मी वही घेऊन समोर बसलो.

"कशाला पाहिजे रे?"

"ऑफिसच्या कामाला."

"मग नीट लिही. चुकवू नको. त्या पुलाखालच्या वस्तीला लोक काहीही म्हणतात, खरं नाव वेगळं आहे."

तिने आठवून आठवून सांगितलं. खरं नाव, लोक म्हणतात ते नाव, कागदावर असतं ते नाव. कुठल्या वस्तीत कुठले लोक, कुठून आलेले, तेही. मी विचारलं नव्हतं. तिला वाटलं, हेही लागत असेल. आपल्या मुलाच्या ऑफिसला आपल्या वस्त्यांची नावं हवी आहेत, याचं तिला नवल वाटत होतं. बरंही वाटत होतं. पहिलं नाव तिने आमचंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मंदारला मी यादी दाखवली. तो वाचत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

"पण नगर तर सगळीकडे असतं यार. नगर धरलं तर निम्मं ठाणं ह्यात येईल."

मी म्हणालो, "नगर नाही बघायचं. नगरच्या आधी कोणाचं नाव आहे ते बघायचं."

मग मी त्याला समजावून सांगितलं. कुठल्या नावाचं नगर म्हणजे कुठली वस्ती. कुठल्या नावाने टॉवर बांधतात आणि कुठल्या नावाने कोणी बांधत नाही. दहा मिनिटं मी बोलत होतो. तिथे मी इतका वेळ सलग कधी बोललो नव्हतो.

मंदार म्हणाला, "भारी आहे हे. आम्हाला हे कधीच सुचलं नसतं."

खरं होतं. त्यांना सुचलं नसतं. त्यांना फक्त आमच्यापासून लांब राहणं माहीत होतं, आम्ही नेमके कुठे आहोत ते माहीत नव्हतं. ते मी सांगितलं. त्या एका 'भारी आहे'वर मी महिनाभर खुशीत होतो.

एकेचाळीस शब्द झाले.

मग टेस्ट लिहायची होती. प्रोग्राममध्ये नंतर कोणी काही बदललं तर आधीचं बिघडलं नाही ना, हे मशीन स्वतःच तपासतं. त्याला टेस्ट म्हणतात. एक उदाहरण द्यायचं आणि त्याचं उत्तर काय यायला हवं ते लिहून ठेवायचं. उत्तर तेच आलं तर टेस्ट पास. मला एक पत्ता हवा होता ज्याचं उत्तर मला शंभर टक्के ठाऊक आहे. दुसऱ्याचा पत्ता घेतला तर चूक व्हायची शक्यता. म्हणून मी माझा घेतला. रूम नंबर सात. अपेक्षित उत्तर, लाल.

टेस्ट पास झाली. तेव्हापासून चार वर्षं, कोणीही काहीही बदललं की मशीन आधी बघायचं, आमचं घर अजून लालच आहे ना. आहे. मग बरोबर चाललंय.

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. 'पत्ते साफ करायचेत' असं त्यांनी सांगितलं आणि पत्ता साफ करून त्याचं पुढे काय करणार, हे मी विचारलं नाही. न विचारणं हे माहीत नसण्यासारखं दिसतं. पण ते तसं नसतं. विचारलं असतं तर कदाचित काम दुसऱ्याला दिलं असतं, आणि मी परत जेवणाच्या टेबलावर गप्प बसणारा झालो असतो. मला ते नको होतं. एवढीच गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या वस्तीत विहाराच्या मागे एक खोली आहे. तिथे अभ्यासिका चालते. रविवारी सकाळी मी तिथे बसतो. मुलं-मुली येतात, मी त्यांचे बायोडेटे करून देतो. कुठल्या कंपनीला काय आवडतं ते सांगतो. मी आत बसलेला माणूस, माझा शब्द चालायचा.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. नोकरीच्या अर्जावर पत्ता दुसऱ्याचा लिहायचा. कोणाची मावशी डोंबिवलीत बिल्डिंगमध्ये राहते, तिच्या नावे मार्फत लिहायचं. कोणाची आई जिथे कामाला जाते त्या बाई भल्या असतात, त्या म्हणतात, माझा दे. एका बाईंच्या पत्त्यावर कागदोपत्री नऊ पोरी राहत होत्या. मला ते आवडायचं नाही. माझे वडील खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. ते म्हणायचे, पत्ता विचारला की पूर्ण सांगायचा, रूम नंबरासकट. अर्धा सांगणारा माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं. आपण लपवावं असं काही केलेलं नाही.

ते गेले. पण हे मी धरून ठेवलं. अभ्यासिकेत मी प्रत्येकाला ताकीद द्यायचो, पत्ता पूर्ण लिहा. मार्फत वगैरे चालणार नाही. काळ बदललाय, आता मशीन अर्ज वाचतं, मशीनला तुमची जात कळत नाही.

हे मी बोललेलो आहे. यादी लिहून झाल्यानंतर. अनेक रविवार.

माझी धाकटी बहीण गौतमी पहिल्या बाकावर बसायची. आयटीची पदवी, वर सॉफ्टवेअर तपासायचा कोर्स. माझ्यापेक्षा हुशार. चुका शोधण्यात तर फार. माझ्या बोलण्यातल्या सकाळपासून रात्रीपर्यंतच्या मोजून दाखवायची. तिने सहा ठिकाणी अर्ज केले. एकीकडूनही मुलाखतीला बोलावणं नाही. नकारही नाही, काहीच नाही.

"दादा, माझे अर्ज बहुतेक खाडीत पडतात," ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसतात का बघ."

मी हसलो. "पत्ता पूर्ण लिहिलास ना?"

"लिहिला रे बाबा. पिनकोडसकट."

त्या शुक्रवारी टाळ्या झाल्यानंतर शनिवार-रविवार मी घरात कोणाशी धड बोललो नाही. सोमवारी ऑफिसात पहिल्यांदा एक गोष्ट केली. गौतमीने ज्या सहा कंपन्यांत अर्ज केले होते त्यांतल्या चार आमचं सॉफ्टवेअर वापरत होत्या. आत आलेले अर्ज बघायचा मला अधिकार होता, ते माझं कामच. मी तिचं नाव टाकलं.

चार वेळा लाल. शिक्षणाला पूर्ण गुण, कोर्सला पूर्ण गुण, भाषेला चांगले. खाली कारण लिहिलेलं, 'निवासाची स्थिरता कमी.' गौतमीचा जन्म ज्या खोलीत झाला त्याच खोलीत ती आजवर राहते. एक दिवस हलली नाही. यापेक्षा स्थिर माणूस मला माहीत नाही.

मग मी बाकीची नावं टाकली. अभ्यासिकेतली. ज्यांचे बायोडेटे मी स्वतः टाइप केले होते ती. बारा होती. अकरा लाल. मध्येच एक हिरवी आली. मी तिचा अर्ज उघडला. तिने माझं ऐकलं नव्हतं. डोंबिवलीच्या मावशीचा पत्ता टाकला होता.

मी स्क्रीन बंद केली आणि पाणी प्यायला गेलो. पाण्याच्या मशीनपाशी एक पितळी घंटा टांगलेली आहे. नवीन गिऱ्हाईक मिळालं की ती वाजवतात. त्या दिवशी ती वाजत होती. ते मोठं गिऱ्हाईक आलं होतं.

दोन दिवसांनी मंदारने मला काचेच्या छोट्या खोलीत बोलावलं. त्या खोल्यांना हिमालयातल्या शिखरांची नावं आहेत. आम्ही ज्यात बसलो ती खोली इतकी लहान की दोघांचे गुडघे लागत होते.

"एक छोटं काम आहे," तो म्हणाला. "नव्या क्लायंटला एक कागद हवाय. की आपलं सॉफ्टवेअर धर्म, जात, वस्ती असल्या कुठल्याच गोष्टीवरून भेद करत नाही. त्यांच्याकडच्या एक मॅडम आहेत, त्या फार खोदतात. प्रत्येक भाग ज्याने लिहिला त्याची सही पाहिजे म्हणे. पत्त्याचा भाग तुझा आहे."

त्याने कागद पुढे केला. इंग्रजी, सुंदर टाइप केलेला. खाली माझं नाव आधीच छापलेलं होतं.

"आणि खरं सांगू का," मंदार म्हणाला, "तुझी सही असली की विषयच संपतो ना. तुझ्यावर कोण संशय घेणार?"

मी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"हे खरं नाहीये," मी म्हणालो.

"काय खरं नाही?"

"वस्तीवरून भेद करतं. माझ्या बहिणीला चार वेळा लाल दिलाय."

तो म्हणाला, "अरे, मला सांगायचंस ना. तिचा अर्ज मी पर्सनली फॉरवर्ड करतो. आत्ता करतो, थांब."

त्याने खरंच फोन काढला. त्याच्या मनात त्या क्षणी वाईट काही नव्हतं. मी म्हणालो, "नको. एकटीचा नको."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"यादी काढून टाकायची. आणि आजवर यादीमुळे लाल झालेले सगळे पुन्हा वाचायचे. माणसाने."

"वेडा आहेस का? तो पत्त्याचा सिग्नल काढला तर सगळा बॅलन्स जाईल. नवीन आवृत्ती त्याच्यावरच शिकलीये." मग त्याचा आवाज खाली आला. "हे बघ, मी तुझ्याशी कधी तसं वागलोय का? एका डब्यातून जेवलोय आपण. माझ्या मनात तसलं काही नाहीये रे."

"माहीत आहे."

"मग? शब्द तर तूच लिहिलेस ना? मी लिहिले का? निशांतने लिहिले?"

"मी लिहिले."

"मग सही करायला काय प्रॉब्लेम आहे?"

मी त्याच्याकडे बघितलं. खरंच त्याला कळत नव्हतं. चार वर्षांपूर्वी मला कळत नव्हतं, तसंच. त्यांना माझे शब्द हवे होते तेव्हा मी तिकडचा होतो म्हणून. आता त्यांना माझी सही हवी होती, तीही मी तिकडचा होतो म्हणून. मधल्या काळात मी इकडचा झालो, असं मला एकट्यालाच वाटत होतं.

"सही नाही करणार," मी म्हणालो.

'नाही', इतका साधा शब्द. आधी कधी वापरला नव्हता, म्हणून तोंडात जड लागला.

संध्याकाळी निशांतचा फोन आला. तो फार प्रेमाने बोलला. म्हणाला, तुझ्यासारख्या आवाजांची आम्हाला गरज आहे, आम्ही एक नवीन पद तयार करतोय, न्याय्य वागणुकीचा प्रमुख, तूच ते सांभाळ. मी विचारलं, यादी जाणार का? तो म्हणाला, हळूहळू. मी विचारलं, सही कधी हवी? तो म्हणाला, उद्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या कागदावर लिहिलं. सगळा मजकूर खोडला आणि त्याखाली एकेचाळीस शब्द ओळीने उतरवले. शेवटी लिहिलं, हे शब्द मी दिले, ते अर्जाचा रंग ठरवतात, आणि त्यांतला पहिला शब्द माझ्या वस्तीचा आहे. खाली सही केली. तो कागद निशांतला, मंदारला आणि गिऱ्हाइकाकडच्या त्या मॅडमना एकाच वेळी पाठवला. मॅडमना मी कधी पाहिलेलं नाही. आजवर त्यांचं उत्तर आलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीआधीच माझा लॅपटॉप काढून घेतला. मंदार दारापर्यंत आला. म्हणाला, "तू स्वतःचं नुकसान केलंस." मग म्हणाला, "जाऊ दे, काळजी घे." त्याचे डोळे ओले होते. मला वाईट वाटलं. पण मी थांबलो नाही.

घरी आई होती आणि गौतमी होती. मी पहिल्यापासून सांगितलं. यादी काय होती, रंग कसा पडतो, गौतमीचे चार अर्ज कुठे अडकले. आई नीट ऐकत होती. तिला सॉफ्टवेअर कळत नाही, पण यादी कळते. आयुष्यभर याद्या घेऊन फिरली.

"म्हणजे मी सांगितलेली ती नावं?" तिने विचारलं.

"हो."

"त्यात आपलंपण सांगितलेलं मी."

"हो. पहिलं."

ती उठली, आत गेली. भांडी घासलेली होती, ती तिने परत घासायला घेतली.

गौतमी म्हणाली, "तू दर वेळेला विचारायचास. पत्ता पूर्ण लिहिलास का."

"हो," मी म्हणालो.

"मला वाटायचं मलाच काही येत नाही," ती म्हणाली. "रात्री रात्री बसून मी माझ्या बायोडेट्यात चूक शोधायचे, दादा. सापडायची नाही."

ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दोन महिने झाले. ताट वाढते, कपडे वाळत घालते, पण बोलत नाही.

त्या रविवारी मी अभ्यासिकेत गेलो आणि सगळ्यांसमोर उभं राहून हेच सांगितलं. कोणी ओरडलं नाही. मारायला कोणी उठलं असतं तर मला सोपं गेलं असतं. एक मुलगी होती, दोन वर्षं अर्ज करून थकून आता दुकानात उभी राहते. ती म्हणाली, "सर, मग आता नवीन काय शिकवणार?" तिथे मला सर म्हणतात. तो शब्द त्या दिवशी मला चटका देऊन गेला. एकाचे वडील म्हणाले, "पोरांनो, आपलं जुनं बरं होतं. मार्फतच लिहा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला नाही म्हणायचा हक्क उरला नव्हता. पण मी एवढं म्हणालो की मी स्वतः टाइप केलेले ज्या अकरा जणांचे अर्ज लाल झाले, त्यांनी मला त्यांची नावं वापरू द्यावीत. मी त्या कंपन्यांना लिहिणार आहे. अकरातल्या सात जणांनी हो म्हटलं. चौघांनी नाही. गौतमीने मान हलवली नाही, हो नाही आणि नाहीही नाही. तिचं नाव मी घातलेलं नाही.

मागच्या आठवड्यात वकिलाची नोटीस आली. जाड कागद, वर सोनेरी चिन्ह. भाषा अशी की दोनदा वाचावी लागते, आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर कळतं की पहिल्यांदाही कळलीच होती. त्यात म्हटलंय की सदर शब्दसूची ही कंपनीची गोपनीय मालमत्ता आहे. ती मी कोणासमोर उघड केली, वाचली किंवा लिहिली तर माझ्यावर कारवाई होईल.

आमच्या वस्त्यांची नावं. माझ्या आईने तांदूळ निवडता निवडता सांगितलेली. ती आता कंपनीची मालमत्ता आहेत आणि ती उच्चारायला मला परवानगी लागणार.

मी उत्तर लिहिलं आहे. वकील लावला नाही. साध्या मराठीत एक पान लिहिलं. त्यात माफी नाही. मला ज्यांची माफी मागायची आहे ती माणसं वेगळी आहेत. त्यांनी अजून दिलेली नाही आणि द्यावी असं मी त्यांना म्हणणारही नाही. मी एवढंच लिहिलं की यादी माझी आहे. त्यातली चूक माझी आहे. ती लपवायला मी कोणालाही मदत करणार नाही, तुम्हालाही नाही आणि स्वतःलाही नाही. जिथे जिथे ती यादी चालते तिथे तिथे जाऊन मी सांगणार की हे शब्द मी दिले, असे दिले, यासाठी दिले, आणि यांनी तुमच्या दारातून अमुक अमुक माणूस परत पाठवला. त्याचं नाव हे. त्याला बोलवा.

पहिल्या कंपनीच्या गेटवर सोमवारी सकाळी जायचं आहे. वागळे इस्टेटच्या बाजूला आहे ती. त्यांनी वेळ दिलेली नाही. मला वेळ नको, मी उभा राहू शकतो. सातातले दोघं माझ्याबरोबर येतायत. एकाने विचारलं, आत नाही घेतलं तर? मी म्हणालो, मंगळवारी जाऊ.

गौतमी येणार नाही. मी तिला विचारलेलं नाही. तिने परत बोलावं म्हणून मी जात नाही. ती कधीच बोलली नाही, तरी जाणार आहे.